लेम्पी कांगसची तीन अपिलं

बिघडलेली बस शेडमध्ये आली की बाकीचे मेकॅनिक आधी शिव्या घालायचे आणि मग खाली शिरायचे. लेम्पी कांगस शिव्या देत नसे. ती गाडीभोवती एक फेरी मारायची, ड्रायव्हरनं लिहिलेली तक्रार दोनदा वाचायची, आणि ड्रायव्हरला विचारायची, "आवाज चढावर येतो की उतारावर?" आमचं गाव सुपीरियर सरोवराच्या काठावर, उभ्या डोंगरउतारावर वसलेलं. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यानं गाड्यांचं बूड कुजतं. त्यामुळे तिच्या हाताला कधी उसंत नव्हती. सव्वीस वर्षं तिनं हे काम केलं.

मी मार्लिस. त्याच डेपोत पार्ट्सच्या खिडकीमागं एकोणतीस वर्षं बसले. लेम्पीला मी दोन नावांनी ओळखलं. त्यातलं पहिलं इथं सांगत नाही. तिनं ते टाकून दिलं, तेव्हा मी उचलून आणायचं कारण नाही. एक्कावन्नाव्या वर्षी, सप्टेंबरातल्या एका सोमवारी, ती पावणेसहाला कामावर आली. अंगावर नेहमीचाच निळा डगला, पण खिशावर नवी पट्टी शिवलेली: लेम्पी. तिच्या आजीच्या बहिणीचं नाव. हातात वेलची घातलेल्या गोड पावाची वेणी. ती तिनं चहापाण्याच्या खोलीत टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "आजपासून मी लेम्पी. खरं तर पहिल्यापासूनच होते. पाव गरम आहे तोवर खाऊन घ्या."

सगळे आधी पट्टीकडं, मग पावाकडं बघायला लागले. मग सात नंबरच्या बसचा ड्रायव्हर म्हणाला, "लोणी आहे का?" तेव्हा कुठं खोलीत वारा खेळायला लागला.

सगळं इतकं सोपं झालं नाही. आमचा फोरमन आर्विड स्टेनबर्ग तिला नावानं हाकच मारेना. जुन्या नावानं नाही आणि नव्यानंही नाही. "ए, तिकडं बारा नंबर बघ," एवढंच. दोन वर्षं ती 'ए तिकडं' होती. ती ओ द्यायची आणि बारा नंबर बघायची.

माझंही सांगते. तिनं ऑपरेशनचा विषय पहिल्यांदा माझ्याकडं काढला तेव्हा मी काय बोलले असेन?

"अगं, पन्नाशी उलटली आपली. आता कशाला कापाकापी? तुला सगळे बाई म्हणतातच की."

तिनं हातातला पाना पुसला. "पन्नाशी उलटली म्हणूनच, मार्लिस. पुढची पन्नास वर्षं माझ्याकडं नाहीत. आणि लोक काय म्हणतात ते लोकांचं झालं. आंघोळीला मी एकटीच असते."



मिनियापोलिसला एक डॉक्टरीण ही ऑपरेशनं करायची. आमच्या गावापासून अडीच तासांचा रस्ता. दोन मानसोपचारतज्ज्ञांची पत्रं लागत, ती लेम्पीनं मिळवली. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंच्या ऑफिसनं आमच्या विमा कंपनीकडं आगाऊ मंजुरी मागितली. ऑक्टोबरात उत्तर आलं. एक पान. वाटाण्याच्या अक्षता. योजनेच्या अमुक कलमाप्रमाणे लिंगबदलाशी संबंधित शस्त्रक्रिया वगळल्या आहेत, सबब नामंजूर.

लेम्पीनं जेवणाच्या सुट्टीत फोन लावला. फोन माझ्या खिडकीत ठेवून आवाज मोठा केला, कारण तिला कुणीतरी साक्षीदार हवा होता.

"धन्यवाद सर, मी तुमची काय मदत करू?"

"सर नाही, मॅडम."

"माफ करा सर. तुमचा सदस्य क्रमांक?"

तिनं क्रमांक सांगितला, जन्मतारीख सांगितली, पुन्हा क्रमांक सांगितला. संगीत वाजलं. दुसरा माणूस आला, त्यालाही पहिल्यापासून सगळं. शेवटी तो म्हणाला, "कलमात वगळलंय म्हणजे वगळलंय, सर."

माझं डोकं फिरलं. लेम्पीनं मात्र खिशातून एक वही काढली आणि त्यात लिहिलं: तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव, काय म्हणाला. खाली एक ओळ: 'दोनदा सांगूनही सर.'

"याचा उपयोग काय?" मी विचारलं.

"तक्रार लिहिलेली नसेल तर बिघाड सापडत नाही," ती म्हणाली. "आणि ते कलम मला डोळ्यांनी बघायचंय."

आम्हां सगळ्यांना दरवर्षी विम्याची एक गुळगुळीत पुस्तिका मिळते. मुखपृष्ठावर हसरं कुटुंब, आत काहीच नाही. लेम्पी ऑफिसात विम्याचं काम बघणाऱ्या बाईकडं गेली आणि म्हणाली, "ही नको. मूळ करार द्या, पुरवण्यांसकट." त्या बाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच कुणालातरी तो काढून दिला असावा. दोनशे चौदा पानं. लेम्पीनं ती माझ्या खिडकीशेजारच्या स्टुलावर बसून वाचली. रोज अर्धा तास, एका हातात मांस-बटाट्याची पॅस्टी आणि दुसऱ्या हातात पेन्सिल. पानांना तेलाचे ठसे पडले. सगळे तिची चेष्टा करायचे.

"काय गं, खुनी सापडला का?" सात नंबरवाला विचारायचा.

"अजून कमरेपर्यंतच वाचलंय. दातांच्या प्रकरणात बरेच संशयित आहेत."

बाराव्या दिवशी ती स्टुलावरून उठली आणि एक पान माझ्यासमोर ठेवलं. पुरवणी चार. एकच वाक्य. कंपनीनं ज्या कलमाचा हवाला दिला होता ते कलम दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीपासून रद्द. आपल्या युनियननंच ते बोलणी करून काढून घेतलं होतं, आणि नंतर सगळे विसरले होते. कंपनीत कुणीतरी जुना कागद समोर ठेवून नकार लिहिला होता.

मला वाटलं, जिंकली. मी तर आख्ख्या शेडला ऐकू जाईल अशी ओरडले. लेम्पीनं पहिलं अपील लिहिलं, पुरवणीची प्रत जोडली, रजिस्टर पोस्टानं पाठवलं.

जानेवारीत दुसरं उत्तर आलं. बाहेर उणे तीस. पत्रात लिहिलं होतं, कलम रद्द झाल्याचं मान्य. तथापि शस्त्रक्रिया वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असल्याचं सिद्ध होत नाही. सदर व्यक्ती आयुष्याच्या सर्व क्षेत्रांत सलग बारा महिने स्त्री म्हणून राहत असल्याचा पुरेसा पुरावा नाही.

ते तिनं पुन्हा वाचलं. मग इतकी हसली की खोकला लागला. "बारा महिने! अगं, एक्कावन्न वर्षं मी पुरुष म्हणून राहत होते, त्याचा पुरावा कुणी मागितला नाही. तो नीटसा जमतही नव्हता!"

पण संध्याकाळी घरी निघताना ती गाडी सुरू करून नुसतीच बसून राहिलेली मला दिसली. इंजिन गरम होईस्तोवर सगळेच बसतात, पण ती वीस मिनिटं बसली. मी काचेवर टकटक केली. तिनं काच खाली केली.

"दमलीस?"

"हं. तरुण पोरं हे कसं करत असतील, मार्लिस? माझ्याकडं पक्की नोकरी आहे, युनियन आहे, वाचायची सवय आहे. विशीतलं एखादं पोर पहिल्याच पत्राला घाबरून घरी बसेल."

दुसऱ्या दिवशी मी न विचारताच एक गोष्ट केली. चहाच्या खोलीत फळ्यावर कागद लावला: 'लेम्पी इथं किती दिवस लेम्पी म्हणून काम करते, हे ज्यांनी पाहिलंय त्यांनी लिहून द्या. सही करा.' दुपारपर्यंत चार पत्रं झाली, आठवड्यात अकरा. सात नंबरवाल्यानं लिहिलं की गाडीचे ब्रेक तिनं केलेले असले की रात्री त्याला झोप चांगली लागते. मी म्हटलं, "अरे, हे विचारलं नाहीये." तो म्हणाला, "राहू दे. खरंय ते."

बारावं पत्र आर्विडचं. शुक्रवारी सुटताना त्यानं ते घडी करून माझ्या खिडकीतून आत सरकवलं. "स्पेलिंग बघ," म्हणाला आणि निघून गेला. मी बघितलं. आजही मला ते तोंडपाठ आहे.

'मी फोरमन आहे. मला पत्रं लिहिता येत नाहीत. लेम्पी कांगस साडेतीन वर्षं रोज पावणेसहाला लेम्पी म्हणून कामावर येते. मला ते पटलं नव्हतं. दोन वर्षं मी तिला नावानं हाक मारली नाही. ती तरीही आली. तुम्ही एका वर्षाचा पुरावा मागता. मी साडेतीन वर्षं बघतोय, आणि त्यातली दोन वर्षं मला बघायचं नव्हतं तरी दिसत होतं. आर्विड स्टेनबर्ग.'

स्पेलिंगच्या चार चुका होत्या. मी एकही सुधारली नाही.

सोमवारी लेम्पीला ते वाचायला दिलं. तिनं वाचलं, घडी घातली आणि शेडमध्ये गेली. आर्विड लिफ्टवर चढवलेल्या गाडीखाली उभा होता.

"आर्विड, 'तरीही'ला एकच स्पेलिंग असतं."

"मग दुसऱ्या कुणाकडून लिहून घे."

"नको. असू दे."

"लेम्पी," तो म्हणाला, वर गाडीकडं बघतच, "तो अठरा नंबरचा पाना दे."

तिनं पाना दिला.

दुसऱ्या अपिलाची सुनावणी फोनवर झाली, मार्चच्या सुरुवातीला. सोबत एक माणूस चालतो म्हणून मी युनियनच्या खोलीत तिच्या शेजारी बसले. पलीकडं तिघं. एक पुरुष बोलत होता, त्याचा सूर वाईट नव्हता. त्यानं विचारलं, "मिस कांगस, तुम्ही नियमित कामावर जाता. तब्येत उत्तम आहे. शस्त्रक्रियेनं तुमच्या रोजच्या जगण्यात नेमका काय फरक पडेल?"

लेम्पीनं पत्रं, तारखा, सगळं मांडून ठेवलं होतं. पण त्या कागदांकडं तिनं बघितलं नाही.

"आम्ही फिनिश लोक," ती म्हणाली. "शनिवारी सौना असते, गरम वाफेची आंघोळ. माझ्या बहिणीकडं तळ्याकाठी आहे, वडिलांनी बांधलेली. आधी पुरुष जातात, मग बायका. कपडे कुणी घालत नाही, लाजही कुणी धरत नाही. पाच वर्षांची असल्यापासून मी जायचे, पुरुषांच्या बरोबर. साडेतीन वर्षं मी गेलेले नाही. पुरुष आत असतात तेव्हा मी स्वयंपाकघरात पाव कापत बसते. बायका आत जातात तेव्हाही पाव कापत बसते. सर्दी झालीय म्हणून सांगते. साडेतीन वर्षं मला सर्दी आहे, साहेब. बहीण काही बोलत नाही, पण आता ती पाव आधीच कापून ठेवते, म्हणजे मला तेही काम उरत नाही. तुम्ही फरक विचारलात. मला माझ्या घरच्या बायकांमध्ये बसायचंय."

पलीकडून एका बाईचा आवाज आला, "धन्यवाद, मिस कांगस." तेवढंच.

मला वाटलं, एवढं ऐकून दगडालाही पाझर फुटेल. तीन आठवड्यांनी पत्र आलं: पूर्वीचा निर्णय कायम. मी खिडकी खाली ओढली, आत जाऊन रडले. संतापानं रडले. लेम्पी दारात येऊन उभी राहिली.

"झालं का? डोळे पूस. अजून एक दार आहे."

"कसलं दार? दोन्ही अपिलं फेटाळलीत."

"कंपनीनं दोन्ही अपिलं फेटाळली की राज्य सरकारकडं अर्ज करता येतो. बाहेरचा डॉक्टर सगळी फाईल तपासतो, ज्याचा कंपनीशी काही संबंध नाही. तो म्हणेल ते कंपनीला बंधनकारक. पान एकशे अठ्ठ्याऐंशी."

"तुला हे कधीपासून माहीत होतं?"

"नोव्हेंबरपासून. पण पहिल्या दोन दारांतून गेल्याशिवाय तिसरं उघडत नाही, असंच लिहिलंय."

हे तिसरं अपील तिनं दोन रविवार बसून तयार केलं. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पानांना क्रमांक घातले. डॉक्टरांची पत्रं, पुरवणी चार, वहीतल्या एकोणीस फोनच्या नोंदी, बारा सहकाऱ्यांची पत्रं. वर एक पानाचा अर्ज. त्यात रडगाणं नव्हतं. कुठला मुद्दा, त्याला कुठला कागद, तो कितव्या पानावर. बस.

उत्तर मे महिन्यात आलं. बंदरात अजून बर्फाचे तुकडे तरंगत होते आणि लोखंडाचं खनिज न्यायला जहाजं यायला लागली होती. लेम्पी माझ्या खिडकीशी आली, लिफाफा फोडला, उभ्यानं वाचला. मग पत्र खिशात घातलं.

"सतरा नंबरसाठी ब्रेकचा डायफ्रॅम दे."

मी डायफ्रॅम दिला, सहीसाठी पावती पुढं केली. तिनं पेन टेकवलं. सहीच्या जागी पत्रावरची तारीख लिहिली.

"लेम्पी, काय लिहिलंय?"

"मूळ निर्णय रद्द," ती म्हणाली. "शस्त्रक्रिया आवश्यक आहे, कंपनीनं खर्च द्यावा. त्या डॉक्टरानं सहकाऱ्यांच्या पत्रांचा उल्लेख केलाय. 'विशेषतः फोरमनचं' असं लिहिलंय." आणि मग ती काउंटरवर डोकं टेकून रडली. मी खिडकीतून हात बाहेर काढून तिच्या पाठीवर ठेवला. मागं पार्ट्ससाठी तीन जण रांगेत होते. कुणी घाई केली नाही.

ऑपरेशन ऑगस्टमध्ये झालं. मी गाडी चालवत तिला मिनियापोलिसला नेलं आणि दहा दिवसांनी माझ्याच घरी आणलं, कारण तिच्या घराला जिने फार. सहा आठवडे ती माझ्याकडं होती. रोगी म्हणून एक नंबरची वाईट. उठू नको म्हटलं की उठायची. एकदा मी दुकानातून आले तर बाईसाहेब फुगवलेल्या गोल उशीवर बसून माझा टोस्टर खोलत होत्या.

"तो बिघडलेला नव्हता!"

"बिघडणार होता."

ऑक्टोबरच्या एका शनिवारी आम्ही उत्तरेला, खाणींच्या पट्ट्यात, तिच्या बहिणीच्या तळ्यावर गेलो. ईर्या तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, सडेतोड, कमी बोलणारी. पुरुष आधी जाऊन आले, लालबुंद होऊन ओट्यावर बसले. लेम्पी सवयीनं स्वयंपाकघरात गेली आणि सुरी शोधायला लागली. ईर्यानं सुरी हातातून काढून घेतली.

"बये, चल. बायका निघाल्यात. टॉवेल तिथं ठेवलाय तुझा."

मीही त्यांच्यामागं गेले. आत अंधार, लाकडाचा वास, दगडांवर पाणी टाकलं की उठणारी वाफ. वरच्या फळीवर त्यांची चौऱ्याऐंशी वर्षांची आयली मावशी बसली होती. तिनं लेम्पीकडं नीट, वरपासून खालपर्यंत, काही न लपवता बघितलं.

"खांदे अगदी माझ्या आईचे घेतलेस," मावशी म्हणाली. "तिचे पण असेच रुंद. सरक इकडं. दगडांवर पाणी घाल, माझा हात पोचत नाही."

लेम्पीनं पळीभर पाणी घातलं. वाफ उठली. त्या वाफेत कुणाचे डोळे ओले होते ते कुणालाच कळलं नाही, आणि नंतर त्या सगळ्या जणी त्या गार तळ्यात किंचाळत उतरल्या तेव्हा लेम्पीचं किंचाळणं सर्वांत मोठं होतं.

गोष्ट इथं संपली असती तर बरं होतं, पण लेम्पीला ते मान्य नव्हतं. बातमी पसरली. एका शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षकाचा फोन आला, त्याला छातीच्या ऑपरेशनला नकार मिळाला होता. मग सरोवरापलीकडच्या गावातल्या एका नर्सचा. मग कुणाच्या तरी आईचा. लेम्पीनं युनियनची खोली दर गुरुवारी चार ते सहा मागून घेतली. येणाऱ्याला ती आधी गोड पाव द्यायची, मग विचारायची, "मूळ करार आणलास का? पुस्तिका नको. करार." बहुतेकांना करार असतो हेच ठाऊक नसायचं.

सगळे जिंकले नाहीत. लाकडाच्या वखारीतला एक जण तिन्ही दारांतून जाऊन हरला. त्याच्या करारात ते कलम अजून जिवंत होतं, कुणी काढून घेतलेलं नव्हतं. त्या दिवशी लेम्पी घरी गेली नाही, त्याला घेऊन हॉटेलात जेवायला गेली. तिथंच त्याला सांगितलं की आमच्या डेपोत गाड्या धुण्याच्या कामाची एक जागा रिकामी आहे, आणि आमच्याकडं पुरवणी चार आहे. तो आता आमच्याकडं आहे. मागच्या वर्षी त्याचं ऑपरेशन झालं. पाच वर्षांत एकतीस जण त्या खोलीतून मंजुरी घेऊन गेले. हा आकडा माझा. ती मोजत नव्हती.

आर्विड निवृत्त झाला. मग मी. मग ती. निरोपाच्या दिवशी नवा मॅनेजर भाषणात म्हणाला की लेम्पी फार धीराची बाई आहे. ती मला कोपरानं ढोसून म्हणाली, "धीर कसला गं? मला फक्त वाचता येतं."

मला ते पटत नाही. वाचता सगळ्यांनाच येतं.

गेल्या वसंतात तिचा उजवा गुडघा गेला. इतकी वर्षं गाड्यांखाली सिमेंटवर वाकलेला गुडघा, जाणारच. डॉक्टर म्हणाले, बदलावा लागेल. विमा कंपनीकडं मंजुरीसाठी कागद गेले आणि दहा दिवसांत उत्तर आलं: वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असल्याचं सिद्ध होत नाही.

तिनं मला फोन केला. मी ऐकून कपाळाला हात लावला. पलीकडं ती हसत होती.

"हसतेस काय?"

"अगं मार्लिस, गुडघ्याला नाही म्हणालेत! ईर्याच्या गुडघ्याला म्हणाले होते, सात नंबरवाल्याच्या गुडघ्याला म्हणाले होते, तसंच माझ्याही. एक शब्द वेगळा नाही. आणि पत्राच्या सुरुवातीला काय आहे माहितीय? 'प्रिय मिस कांगस'."

"मग आता?"

"आता काय! करार मागवलाय. दोनशे चाळीस पानांचा झालाय म्हणे. तू गुरुवारी येशील ना? येताना लोणी आण."